डाळिंबाचं पाणी, लोराचे मेसेज आणि आबांची मूठ

सांगोल्याजवळ आमचं चार एकर डाळिंब आहे आणि थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, त्यामुळे पासष्टीतले आबा रात्री दोनला बॅटरी घेऊन व्हॉल्व फिरवायला जायचे आणि इकडे पुण्यात मला झोप लागायची नाही. कोडिंग माझं रोजचंच काम, म्हटलं हे आपणच करायचं.

सहा व्हॉल्ववर सहा नोड म्हणजे छोटे कंट्रोलर, एक मोटरच्या स्टार्टरला, एक घरी, सगळ्यांवर लोरा रेडिओ, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत छोटे मेसेज पाठवणारा, 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, त्याला लायसन्स लागत नाही. पण घर आणि रानाच्या मध्ये टेकाड, त्यामुळे खालच्या दोन व्हॉल्वना घरचा मेसेज थेट पोचतच नव्हता, मधल्या नोडनीच तो पुढे द्यायला हवा होता. आधी मी लिहिलं की ज्याला ऐकू येईल त्याने परत बोलायचं, तर सगळे एकदम बोलायला लागले आणि कुणाचंच पोचेना. मग प्रत्येक मेसेजला नंबर दिला, ऐकलेला नंबर परत आला तर सोडून द्यायचा, पुढे पाठवण्याआधी दर वेळी कमीजास्त थांबायचं आणि एका नोडवरून दुसऱ्यावर अशा तीन उड्यांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. आठ नोडना एवढं पुरतं, कुणाचा मेसेज कुठल्या वाटेने जाईल याचं रूटिंग टेबल लिहिलं होतं ते काढून टाकलं.

खरी चूक वेगळीच होती. माझा मेसेज होता 'व्हॉल्व पलटव', बंद असेल तर उघड, उघडा असेल तर मीट. पोच आली नाही की घरचा नोड नव्या नंबरने परत पाठवायचा. एका रात्री व्हॉल्व उघडला पण पोच वाटेत हरवली, दुसरा मेसेज गेला, व्हॉल्व मिटला, मोटर चालूच, पाण्याला वाट नाही आणि सबमेन पाइपचा जॉइंट निसटला. सकाळी आबा चिखलात उभे, एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता मेसेज असा जातो: 'तीन नंबर, 2:40 पर्यंत उघडा'. दोनदा पोचला तरी फरक नाही, आणि संपर्क तुटला तरी व्हॉल्व वेळेवर आपोआप मिटतो. मोटरला एक मिनिट आधीची वेळ दिलेली असते, पुढचा व्हॉल्व उघडल्याची पोच आली तरच ती वेळ वाढते.

पाणी कधी द्यायचं हे मात्र मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचा आकडा बघून ठरेना, कारण वर मुरमाड आणि खाली काळी. शेवटी तीन आठवडे आबांच्या मागे वही घेऊन फिरले. ते झाडाखालची एक वीत खोल माती काढून मुठीत दाबायचे, गोळा होतो का, फुटतो कसा ते बघायचे आणि म्हणायचे, "वाफसा हाय, आज नको" किंवा "आता दे गं". ते 'दे' म्हणाले की तिथला आकडा मी लिहून घ्यायचे. प्रत्येक व्हॉल्वची सुरू करायची मर्यादा तीच ठेवली, थांबायची वेगळी. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं म्हणून थोडं देऊन अर्धा तास थांबायचं, परत मोजायचं. आणि ती भेगाळली की सेन्सर हवेत लोंबतो आणि उगाच कोरडं दाखवतो, म्हणून शेजारच्याशी ताडून बघितल्याशिवाय विश्वास नाही ठेवायचा.

डिसेंबरात आंबे बहाराचा, म्हणजे डाळिंबाच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहाराचा, ताण चालू होता. ताण म्हणजे पाणी मुद्दाम तोडायचं, झाड पानगळीला येऊ द्यायचं. कोडला हे कुठे माहीत, त्याला कोरडं दिसलं आणि त्याने पहाटे दोन व्हॉल्व उघडले. त्या ओळींचा ताण मोडला आणि तिथे पुढे फूल कमी लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

ताण धरणं आणि तोडणं आता कोड ठरवत नाही, ते बटण फक्त आबांच्या मोबाईलवर आहे. जानेवारीत त्यांनी ते दाबलं तेव्हा मी शेजारी बांधावर होते. चार सेकंदांत एक नंबर उघडल्याची पोच आली, आणि आबा तरीही ड्रीपरखाली हात धरून थेंब पडेपर्यंत बसून राहिले.