शिकेकाईचं पाणी

आज १५ एप्रिल, सोंगक्रानचा, म्हणजे थायलंडच्या पाणी उडवायच्या नववर्षाच्या सणाचा, तिसरा दिवस. सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या चिमुरड्याने बर्फाच्या पाण्याची बादलीच अंगावर रिकामी केली. वर "सवादी पी माय" (नववर्षाच्या शुभेच्छा) म्हणून गोड हसला. रागवायचं तरी कसं!

दुपारी शेजारच्या आजींकडे गेलो. इथे चियांग माईत थोरांच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा दिवस आजचा. बँकॉकहून लेकी, जावई, नातवंडं आलेली. चांदीच्या भांड्यात पाणी, त्यात फुलं आणि 'सोम पोई'च्या भाजलेल्या शेंगा. वास ओळखीचा वाटला. वाकून बघते तर चक्क शिकेकाई! दिवाळीतली पहाटेची अंघोळ, डोळ्यांत गेलेलं पाणी, आईचा धपाटा... एका क्षणात सगळं आठवलं.

आजींनी ओले हात माझ्या केसांवरून फिरवत बरंच काही पुटपुटलं. मला निम्मंच कळलं, पण त्यात "जेवून जा" नक्की होतं.

सोंगक्रान म्हणजे संक्रांतच, मेषेची, असं लेकाला सांगितलं. "मग तिळगूळ कुठंय?"

लॅपटॉपवरून लिहितेय. फोन तांदळाच्या डब्यात आहे.