उभ्याउभ्या व्हिएन्ना

व्हिएन्ना महाग आहे का, हा प्रश्न मला मिरजेतल्या घरच्यांपासून ते फेसबुकवरच्या अनोळखी काकूंपर्यंत सगळे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: इथे बसायचे पैसे पडतात. ऑपेरात खुर्चीवर बसा, घोडागाडीत बसा, स्टेफान्सप्लाट्झ या मध्यवर्ती चौकाच्या आसपास हॉटेलबाहेर मांडलेल्या टेबलावर बसा, की मीटर सुरू. तेच संगीत उभ्याने ऐकलं आणि तीच बादशाही पायी फिरून पाहिली, तर शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या माझ्यासारखीलाही हे शहर परवडतं. आणि ओढाताण करून नव्हे, चांगलं मजेत परवडतं.

सुरुवात ऑपेरापासूनच करते, कारण ‘आपल्या बजेटमध्ये नाही’ म्हणून लोक आधी तिच्यावरच काट मारतात. श्टाट्सओपर, म्हणजे इथलं सरकारी ऑपेरागृह, 1869 मध्ये उघडलं. मार्च 1945 मध्ये बॉम्ब पडून त्याचा बराचसा भाग जळाला आणि 1955 साली बेथोवनच्या ‘फिडेलिओ’ने ते पुन्हा सुरू झालं. चांगल्या खुर्चीचं तिकीट दोनशे युरोंच्या वर जातं. एक युरो म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये धरा आणि हिशोब करा. पण त्याच खुर्च्यांच्या मागे, पूर्वी जिथे बादशहाचा कक्ष होता त्याच्या बरोबर खाली, उभं राहायची जागा आहे. तिला श्टेहप्लाट्झ म्हणतात. पंधरा युरोंच्या आसपास तिकीट. रंगमंच अगदी समोर दिसतो, आवाज तर अनेक खुर्च्यांपेक्षा सरस पोचतो. वर सज्जातही अशा जागा आहेत, त्या थोड्या स्वस्त.

ही तिकिटं त्या-त्या दिवशीच मिळतात. सकाळी ऑनलाइन सुटतात आणि उरलीसुरली संध्याकाळी खिडकीवर. आत गेल्यावर जागा पकडायची रीत पाहून मला हसू आलं होतं. पितळी कठड्याला आपला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा आणि खुशाल बाहेर फिरून यायचं. कोणी तो रुमाल सोडत नाही. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, त्याचीच ही शाही आवृत्ती! फरक एवढाच, की इथे नंतर भांडण होत नाही. प्रत्येकासमोर छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचे शब्द भाषांतरासह सरकत राहतात. कपडे नीटनेटके असले की पुरे, टाय-सूटची सक्ती नाही, पण हाफ पँटवर आत सोडत नाहीत. वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा लावला असेल तर विचार करा, चार-पाच तास उभं राहणं हे श्रोत्याचं काम नाही, पहिलवानाचं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने पुच्चिनी किंवा वेर्दी यांचा ऑपेरा निवडावा. अडीच-तीन तासांत मोकळे होता आणि मध्यंतरात कठड्यापाशी जमिनीवर टेकताही येतं. आजूबाजूला उभी असलेली म्हातारी मंडळी वर्षानुवर्षं येणारी असतात. कुठली गायिका कुठल्या सुरावर डळमळली याची चर्चा तुम्हाला तिथे फुकट ऐकायला मिळते, जर्मन येत असेल तर.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठीही सोय आहे. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांत आत चाललेले बरेच प्रयोग इमारतीबाहेरच्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. समोर खुर्च्या मांडलेल्या असतात, तिकीट नाही. माझी आई इथे आली होती तेव्हा शाल पांघरून तिथेच बसली. ‘बाई मरायला टेकली तरी गातेच आहे,’ अशी तिची धावती समीक्षा चालू होती, पण उठायचं नाव काढेना. फुकटात बसायला मिळणारी व्हिएन्नातली ही सर्वात भारी जागा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतं. त्या दिवसांत राटहाउस, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोर, भल्यामोठ्या पडद्यावर संगीताच्या मैफलींचं चित्रण दाखवतात, तेही फुकट.

मोझार्टसारखे केसांचे टोप आणि लाल कोट घालून रस्त्यात तिकिटं विकणारे तुम्हाला भेटतीलच. ते पर्यटकांसाठीच्या मैफलींची तिकिटं गळ्यात मारतात. त्यांना हसून नमस्कार करा आणि पुढे चला. तेवढ्या पैशांत श्टेहप्लाट्झवर दोन-तीन संध्याकाळी होतात.

आता पाणी. आपल्याकडून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी दुकानातून बाटल्यांचा खोका उचलून आणतो, आणि मला प्रत्येक वेळी तेच पुराण लावावं लागतं. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पूर्वी विहिरींचं दूषित पाणी पिऊन इथे कॉलरा आणि टायफॉइड पसरत असे. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने डोंगरातून थेट पाणी आणण्याचा आग्रह धरला आणि 1873 मध्ये पहिला जलमार्ग सुरू झाला. दुसरा 1910 मध्ये, तो तर सुमारे 180 किलोमीटर लांबून येतो. पाणी उतारानेच वाहत येतं, त्याला पंप लावावा लागत नाही. बागांत, चौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. रिकामी बाटली घेऊन फिरा, दिवसाला चार-पाच युरो वाचतात. हॉटेलात मात्र साध्या पाण्याच्या ग्लासचेही पैसे लावणारे आहेत, तेव्हा मेनूकार्ड पाहून घ्या.

कॉफीगृहात गणित उलटं होतं. तिथे तुम्ही कॉफीचे नाहीत, टेबलाचं भाडं देता, आणि ते भाडं मला अजिबात जड वाटत नाही. एक मेलांज, म्हणजे वर दुधाचा फेस असलेली कॉफी, पाच-सहा युरोंना पडते. चांदीच्या रंगाच्या तबकात कॉफी येते, सोबत पाण्याचा ग्लास. मग दोन-तीन तास बसा, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं चाळा, वेटर तुम्हाला उठवणार नाही. तो हसणारही नाही, पण ते मनावर घेऊ नका, इथला वेटर तसाच असतो. काफे सेंट्रालबाहेर पर्यटकांची रांग असते, तिथे जायची काही गरज नाही. गुम्पेनडोर्फर रस्त्यावरचं काफे श्पेर्ल 1880 पासून आहे, आत बिलियर्डची टेबलं आहेत, झिजलेल्या गाद्या आहेत. पावसाची दुपार काढायला ते उत्तम. झाखरटोर्ट, म्हणजे इथला प्रसिद्ध चॉकलेट केक, हवाच असेल तर एक तुकडा दोघांत घ्या. खरं सांगायचं तर तो केक कोरडा असतो. माझं हे मत इथल्या मैत्रिणींना सांगायची सोय नाही.

फिरण्यासाठी ट्राम. बादशहा फ्रान्झ योझेफने 1857 मध्ये शहराभोवतीचा तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी सव्वापाच किलोमीटरचा रिंगश्ट्रासं हा रस्ता आला. संसद, विद्यापीठ, नाट्यगृह, ऑपेरा, दोन मोठी संग्रहालयं, सगळं त्यावरच. 1 आणि 2 नंबरच्या ट्राम मिळून हा पूर्ण फेरा होतो, साध्या तिकिटात. पर्यटक बसचे तीस-चाळीस युरो कशाला? शहराचा वार्षिक पास 2012 पासून बरीच वर्षं 365 युरो होता, म्हणजे दिवसाला बरोबर एक युरो. आता तो वाढलाय आणि त्यावर इथले लोक अजून कुरकुर करताहेत. तुम्हाला दिवसाचा किंवा आठवड्याचा पास पुरेल. स्टेशनात अडवणारी फाटकं नसतात म्हणून बिनतिकीट जायचा मोह होऊ देऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक उगवतात आणि दंड शंभर युरोंच्या वर असतो. कागदी तिकीट घेतलंत तर निळ्या पेटीत घालून छापून घ्यायचं, नाहीतर ते तिकीट नसल्यातच जमा.

त्याच तिकिटावर 38ए नंबरची बस हायलिगेनश्टाट स्टेशनवरून काहलेनबेर्ग टेकडीवर नेते. 1683 मध्ये तुर्कांच्या वेढ्यातून शहर सोडवणारं सैन्य, पोलंडचा राजा सोबिएस्की याच्यासह, याच टेकड्यांवरून खाली उतरलं. वरून अख्खं शहर आणि डॅन्यूब दिसते. उतरताना द्राक्षमळ्यांतून पायवाटेने या. आणि 71 नंबरची ट्राम त्सेन्ट्रालफ्रिडहोफला जाते, म्हणजे 1874 सालच्या भल्यामोठ्या दफनभूमीला. दफनभूमी बघायला काय जायचं, असं बाबा म्हणाले होते. बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस एकाच घोळक्यात शेजारी-शेजारी पाहिल्यावर गप्प झाले. दोन नंबरच्या फाटकाने आत शिरा. मध्ये मोझार्टचं स्मारक आहे, पण तो तिथे नाही, त्याला सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत पुरलं होतं.

बागा फुकट आहेत. शोनब्रुनचा राजवाडा आतून पाहायचे बरेच पैसे आहेत, पण त्यामागची अफाट बाग आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानीदार इमारतीपर्यंतची चढण याला तिकीट नाही. आउगार्टन ही बाग 1775 मध्ये बादशहा योझेफ दुसऱ्याने सर्वांसाठी खुली केली आणि फाटकावर तसं कोरूनही ठेवलं: सर्व माणसांना अर्पण केलेली करमणुकीची जागा. कार्ल्सप्लाट्झ चौकातलं वीन म्युझियम, म्हणजे शहराचं संग्रहालय, 2023 च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं, तेव्हापासून त्याचं कायमचं प्रदर्शन मोफत आहे. छताला टांगलेला भलामोठा देवमासा मुलांना फार आवडतो.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कलेच्या इतिहासाचं संग्रहालय, त्याचं तिकीट वीस युरोंच्या घरात आहे, आणि ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराची चित्रं जगात इतकी एकत्र दुसरीकडे कुठेही नाहीत. दालनांमध्ये मऊ सोफे आहेत, चित्रांपुढे हवं तेवढं बसता येतं. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. सकाळी जा आणि संध्याकाळ होईपर्यंत बाहेर पडू नका.

खाण्याचं शाकाहारी लोकांना टेन्शन येतं. रस्त्यावरच्या टपऱ्यांवर सॉसेजच सॉसेज. पण डोरोटेअरगासं गल्लीतलं ट्रझेस्निएव्स्की पाहा: बोटभर ब्रेडवर अंडं, मिरची, काकडी अशा चटण्या फासलेल्या, आणि खायचं उभ्याने, अर्थात. मासे आणि बेकनवाल्याही असतात, तेव्हा विचारून घ्या. शॉटेनटोरजवळ ‘वीनर दीवान’ नावाचं पाकिस्तानी खाणावळवजा हॉटेल आहे. हवं तितकं वाढून घ्या आणि मनाला येईल ते पैसे द्या. विद्यार्थ्यांचं ते अन्नछत्रच आहे, पण म्हणून दोन युरो टेकवून निघू नका. वरण-भात, भाजी मिळते, हिंदीत बोलता येतं. भाज्या-फळांसाठी नाशमार्क्ट या प्रसिद्ध बाजारापेक्षा ओटाक्रिंग भागातला ब्रुनेनमार्क्ट बरा, तिथे तुर्की दुकानदार शेवटच्या तासात टोपली स्वस्त करतात. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळते. रविवारी मात्र दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून, म्हणून शनिवारी दुपारीच ब्रेड-दूध भरून ठेवा.

विमानतळावरून येताना ‘खास’ हिरव्या आगगाडीत बसू नका. साध्या लोकलने दहा मिनिटं जास्त लागतात आणि पैसे तिसऱ्या हिश्श्याइतके. राहायला गुर्टेल या रस्त्याच्या बाहेर, भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून चालत पोचता येईल असं काहीतरी शोधा. जुलै ते सप्टेंबर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतल्या खोल्या भाड्याने मिळतात. त्या दिवसांत आलात तर डोनाउइन्झेलवर पोहायचे कपडे घेऊन जा. पूर अडवायला खणलेल्या कालव्याच्या मातीतून झालेलं ते एकवीस किलोमीटर लांब बेट आहे, पाण्यात उतरायला तिकीट नाही, सावलीला झाडं आहेत, आणि पोळी-भाजीचा डबा उघडून बसायला कोणाची हरकत नसते.