शिळं पाणी

परवा दुपारी अडीचला नळ आला. आमच्या जुळे सोलापुरात नळ आल्याचं कुणी सांगावं लागत नाही. समोरच्यांची मोटर घुर्र करते, कुणाच्या तरी हातून बादली जिन्यावरून गडगडते आणि झोपलेली गल्ली उठून बसते. मीही उठले. आधी पिंपातलं शिळं पाणी काढायचं, मग ताजं भरायचं, हा आमचा क्रम. झाकण काढून बघते तर तळाला जेमतेम दोन तांबे पाणी. रविवारी पाहुणे येऊन गेलेले. वर गच्चीत भाज्यांचे 17 डबे, बादल्या आणि टब माना टाकून बसलेले, आणि त्यांना घालायला घरात शिळं पाणीच नाही.

शिळं म्हणजे चार दिवसांचं. नवं आलं की जुनं त्याच क्षणी शिळं होतं. नळ यायच्या पाच मिनिटं आधीपर्यंत तेच पाणी आपण ग्लासातून पीत असतो, ही गोष्ट वेगळी. मी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. आमचं पाणी उजनी धरणाचं. त्यात 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसी मृतसाठा, तळाशी पडून राहणारं पाणी. उन्हाळ्यात वरचं पाणी संपून धरण मायनसमध्ये गेलं (2024 साली तर जानेवारीतच गेलं होतं) की आपण तो मृतसाठाच पितो. धरणाच्या बुडाशी कधीपासून बसलेलं ते पाणी शंभर-एक किलोमीटर चालत येतं आणि आमच्या नळातून पडलं की ताजं! माझ्या घासलेल्या, झाकलेल्या पिंपात चार दिवस राहिलं की मात्र शिळं. हे काही पटण्यासारखं नाही, मला कळतं. पण नळ येऊन गेल्यावर जुन्या पाण्याचा चहा कुणापुढे ठेवायला सांगा, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आणि ते ओतूनही देववत नाही. समोरच्या वहिनी त्या पाण्यानं रस्ता धुतात. खरोखर रस्ता, अंगण नव्हे. मला ते बघवेना, म्हणून मी डब्यांत भाज्या लावल्या. लोक कौतुकानं विचारतात, विषमुक्त खायचं म्हणून का? मी हो म्हणते. सांगणार काय, की मला शिळं पाणी संपवायला कुणीतरी हवं होतं म्हणून?

पहिल्या वर्षी माहेरच्या शेतातली काळी माती आणली. मोठ्या अभिमानानं आणली. ज्वारीला सोनं असलेली ती माती डब्यात शिरली आणि तिनं रंग दाखवला. ओली असताना चिखल, वाळली की वीट. पाणी घातलं की माती आणि डब्याच्या मधल्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, गच्चीवर ओहोळ. आता निम्मं शेणखत आणि थोडी वाळू मिसळते, वरून शेंगांची टरफलं पसरते. शेंगाचटणी खाणाऱ्या घरात टरफलांना तोटा नसतो. त्यांच्याखाली माती दोन दिवस ओल धरून राहते.

टोमॅटोनं मात्र फार अपमान केला. मार्चमध्ये फुलं आली, मी मोजली, 31. पारा 35 च्या वर जायला लागला तशी एकेक करून सगळी देठातून गळाली. सोलापूरचा पारा 43 वर जाऊन बसतो, तो कुणाच्या फुलांची वाट बघत नाही. मी सावलीला जुनी सोलापुरी चादर बांधली, निळी, मोरांची. दोन महिने ती तिथंच. मोर पांढरे झाले, टोमॅटो एकही नाही, आणि मागच्या बिल्डिंगमधल्या आजी रोज वरून ओरडायच्या, "चादर वाळली असंल की वो, काढा की आता!"

गवारीला त्या उन्हाचं काही नाही. गवार म्हणजे आपल्यातली. आणि चिगळ. ती मी कधी लावलीच नाही, मिरचीच्या बादलीत आपसूक आली, मिरचीला चुरडामुरडा होऊन ती गेली तरी ही पसरतेच आहे. लसूण घालून छान लागते. लावलेल्यापेक्षा न लावलेलंच जास्त खाल्लं आम्ही यंदा.

मुलगा पुण्यात असतो. त्याला शिळ्या पाण्याचं सांगितलं तर म्हणाला, बरोबर आहे आई, उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, झाडांना चांगलंच ते. मला रागच आला. खूळ माझं, त्याला शास्त्राचा टेकू कशाला?

शिवाय हे खूळ मूळचं आजीचं. आम्ही तेव्हा शहराच्या पूर्व भागाच्या कडेला एका वाड्यात राहायचो. वाड्यात एकच नळ, त्याच्यापुढं घागरींची रांग. आजी हंड्यातलं शिळं पाणी तुळशीला आणि मोरीमागच्या अळूला घालायची. ताजं पाणी झाडाला घालणं म्हणजे तिच्या लेखी उधळपट्टी. शेजारच्या खोलीत अक्का. तेलुगू. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पत्र्याचा साचा ठेवून भिजलेलं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड दुमडलं की टाकली सुपात. बोलताना माझ्याकडे बघायची, हातांकडे नाही. मी शाळेतून आले की तिच्या उंबऱ्यावर बसून तो हात बघत राहायचे. दप्तरालाही तंबाखूचा वास यायचा, त्यावरून आई रागवायची.

उंबऱ्याशेजारी गोडेतेलाचा 15 किलोचा डबा, त्यात तिची अंबाडी. ती गोंगुरा म्हणायची. पानं भिजवलेलं तांबूस पाणी त्या डब्यात, अंबाडीवर माव्याची कीड पडली की तंबाखूची भुकटी त्याच डब्यावर. पण नळ आला की पहिली घागर भरल्याबरोबर अक्का त्यातलं तांब्याभर अंबाडीला घालायची. घरात कुणी घोटभर प्यायच्या आधी. रांगेत ओरडा व्हायचा. आजी म्हणायची, "अगं शिळं घाल की तिला!" अक्का हसायची. "पैलं पाणी तिला, आज्जी." का, ते तिनं कधी सांगितलं नाही. आजीनंही विचारलं नाही, नुसती मान हलवली. त्या अंबाडीची आंबट डाळ वाटीनं आमच्याकडे यायची, आणि शिळ्या-ताज्याचं एवढं करणारी आजी ती डाळ दुसऱ्या दिवशी भाकरीशी खायची. मुरली की चांगली लागते, म्हणायची.

वाडा पडला तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही इकडं आलो, अक्का लेकीकडे गेली. डबा कुठं गेला, कुणाला माहीत.

तर परवा. पिंप काठोकाठ भरलं, नळ गेला, गल्ली पुन्हा झोपली. वर 17 तहानलेले डबे आणि खाली ताजं पाणी. हात होईना. म्हटलं, थांबा सकाळपर्यंत. एक रात्र गेली की हेही शिळं होईल, मग घालते पोटभर. तळातले दोन तांबे होते ते चिगळीला दिले, ती काही मागत नव्हती तरी.

मग पिंपातून एक तांब्या भरून घेतला आणि पुन्हा वर गेले. अंबाडीचा डबा कोपऱ्यात आहे, टाकीच्या सावलीला.