झेरॉक्सच्या दुकानातला डाउनलोड फोल्डर

आज आईच्या आधार कार्डाची प्रिंट काढायला मिरजकर तिकटीजवळच्या एका दुकानात गेलो. "दादा, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा," पोरगं म्हणालं. केलं. त्यानं कॉम्प्युटरवर डाउनलोड फोल्डर उघडला आणि माझ्या पोटात गोळाच आला. कुणाचं पॅन कार्ड, कुणाचं पासबुक, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा असलेला भाडेकरार. सगळं उघडं.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही, एन्क्रिप्शन असतं, हे खरं. पण फाइल पलीकडच्या मशीनवर उतरली की ते कवच संपलं.

"भावा, आईची फाइल डिलीट कर. रिसायकल बिनमधनंपण." त्यानं लगेच केली, चॅटमधलीही. पोरगं गुणी. फोल्डर रोज रिकामा करायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन आईचं मास्क्ड आधार डाउनलोड केलं. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. बायोमेट्रिक लॉकही केलं, म्हणजे तिच्या बोटांचे ठसे वापरून कुणाला आधारची पडताळणी करता येणार नाही. आई शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "आणि आजवर दिलेल्या झेरॉक्सांचं काय रे?"

सिम कार्ड, गॅस, पतसंस्था, लॉज... दोघं यादी करत बसलोय.