आमची वाटचाल: एक पेटी जास्त

आमचा धंदा मुळात सुतारकामाचा. दारं, खिडक्या, कपाटं, बाक. मधपेटीची पहिली ऑर्डर एका मधपाळाने दिली तेव्हा आम्हाला ती चार फळ्यांच्या खोक्याचीच वाटली होती. त्यांनी नमुन्याला एक जुनी पेटी आणून दिली आणि बजावून सांगितलं, "रंधा कमी मारलात तरी चालेल, आतून पॉलिश तर अजिबात नको, पण फटी मोजून द्या." चौकट (माश्या जिच्यात पोळं बांधतात ती पेटीत टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट) आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये सहा ते नऊ मिलिमीटर, चौकटीच्या माथ्यावरही तेवढीच. दाराची फट एवढी जपून आम्ही कधी ठेवली नव्हती.

या मापाची गोष्ट आम्हाला पुढे कळली आणि सुतार म्हणून ती फार आवडली. फट सहा मिलिमीटरच्या आत असेल तर माश्या ती झाडांच्या चिकातून केलेल्या प्रोपोलिसने बुजवून टाकतात. नऊच्या वर गेली तर तिथे मेणाचं जादा पोळं बांधतात. मधल्या मापाची वाट मात्र ये-जा करायला मोकळी सोडतात. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने हे हेरलं, त्यावर चौकटी सुट्या उचलता येतील अशी पेटी बेतली आणि 1852 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी पोळं कापल्याशिवाय आत काय चाललंय ते बघताच येत नसे. ही मापं मेलिफेरा या युरोपातून आणलेल्या पाळीव माशीची. सातेरी ही आपली देशी माशी अंगाने लहान, तिची पेटी लहान आणि चौकटींमधलं अंतरही कमी. दोन्हींचे साचे आम्ही वेगळे करून ठेवले आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून वेगळ्या रंगात रंगवले आहेत.

माश्या पाळायची कल्पना धाकट्या बहिणीची. ती हिशेब बघते. एकदा बिलं करता करता म्हणाली, "दादा, आपण घर विकतो आणि घरात कोण राहतं ते आपल्यालाच ठाऊक नाही." झालं. कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन पेट्या आल्या. दोन यासाठी की एकटी पेटी बघून नवख्याला काहीच कळत नाही. दुसरी शेजारी असली की तुलना होते, आणि एकीत राणी नसेल तर दुसरीतली अंड्यांची चौकट देता येते.

सुरुवातीला आम्ही दर वेळी राणी शोधत बसायचो. नवखा मधपाळ हमखास हेच करतो आणि त्यात पेटी अर्धा तास उघडी राहते. खरं तर राणी दिसायची गरज नसते. पोळ्यातल्या कोठडीच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं अंडं उभं दिसलं, की गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती एवढं पक्कं. चौथ्या दिवशी अंड्याची अळी झालेली असते. अंडी, अळ्या, मेणाने बंद केलेले कोष, मध आणि पराग एवढं डोळ्यांखालून घातलं की झाकण लावायचं. धूरही दोन-तीन फुंका पुरतो. माशीच्या नांगीबरोबर धोक्याचा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच जागी धावून येतात. धुराने तो वास दबतो. पेटी धुराने भरून काढली म्हणजे माश्या जास्त गरीब होतात असं काही नाही.

फुलोरा आला आणि दोन्हींतली जोरदार पेटी फुटली, म्हणजे त्यातल्या अर्ध्याहून जास्त माश्या राणीसह नवं घर शोधायला निघाल्या. दुपारची वेळ, कडक ऊन, आणि तळातल्या दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर. कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. हवेत नुसता गोंगाट. मग हळूहळू सगळा थवा जवळच्या झाडाच्या फांदीवर जमला. बघणाऱ्यांना वाटलं माश्या चिडल्या, पण ते उलट असतं. थव्याला राखायला पोळं नसतं, अंडी-अळ्या नसतात. निघण्यापूर्वी प्रत्येकीने पोटभर मध घेतलेला असतो. थवा दोन-तीन दिवस उपाशी लटकला तर गोष्ट वेगळी, तेव्हा मात्र जपून.

आमच्यापाशी रिकाम्या पेट्यांची कमतरता नव्हती, ते बरं झालं. फांदीखाली पेटी धरली, पाण्याचा हलका फवारा मारला, फांदीला एक जोरात झटका दिला. राणी आत पडली असावी, कारण थोड्याच वेळात दारात माश्या शेपटं वर करून पंख हलवू लागल्या आणि बाहेरच्या आत चालत गेल्या. जुन्या पेटीतली अळ्यांची एक चौकट त्यांना दिली. पोसायला पोरं मिळाली की थवा सहसा घर सोडत नाही.

संध्याकाळी बहिणीने विचारलेला प्रश्न आमच्या पुढच्या सगळ्या धंद्याला पुरून उरला: त्या जाणार हे आधी कळलं असतं का?

कळतं, आणि वेळ मोजून कळतं. राणीमाशी अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते, कामकरी एकविसाव्या, नर चोविसाव्या. राणीघर, म्हणजे नव्या राणीची अळी वाढते ती मोठी कोठडी, आठव्या दिवसाच्या सुमारास मेणाने बंद होतं, आणि पहिलं राणीघर बंद झालं, हवा चांगली असली, की जुनी राणी अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन निघते. म्हणून फुलोऱ्यात तपासणी दर सात दिवसांनी करायची. दहा दिवसांनी तपासणं म्हणजे थवा गेल्यावर पंचनामा करणं.

बघायचं ते चौकटीच्या खालच्या कडेला. शेंगदाण्याच्या टरफलासारखी खाली लोंबणारी राणीघरं तिथे एकाहून जास्त, वेगवेगळ्या वयाची दिसली तर फुटीची तयारी आहे. पोळ्याच्या मधोमध एक-दोनच असतील तर बहुधा म्हातारी राणी बदलायचा बेत आहे, तिथे हात लावू नये. राणीघराची सुरुवात म्हणून बांधलेल्या नुसत्या रिकाम्या वाट्या तर जवळपास वर्षभर असतात. आत अंडं किंवा राजान्नात, म्हणजे राणीच्या अळीच्या पांढऱ्या खाद्यात, पोहणारी अळी दिसेपर्यंत त्यांना भ्यायचं कारण नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त घाबरे फोन या रिकाम्या वाट्यांवरूनच येतात.

आता सुताराला बोचणारी गोष्ट. "माश्या फुटतात ते जागा कमी पडते म्हणून, तर आणखी एक मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) द्या" असं म्हणत गिऱ्हाईक येतं. विकायला काय, आम्ही विकू. पण राणीघरात अळी दिसल्यावर वर कितीही मजले चढवले तरी माश्या ऐकत नाहीत. जागा आधी द्यायची असते, तीही नेमक्या ठिकाणी. शिशुकोठीत, म्हणजे अंडी-अळ्यांच्या खालच्या मजल्यात, मध भरल्यामुळे राणीला अंडी घालायला कोठड्या उरत नाहीत, खरी दाटी ती. वर रिकामा मजला असूनही खाली दाटी असू शकते. त्यात राणी जुनी असली, गर्दीमुळे तिचा गंध सगळ्यांपर्यंत पोचेनासा झाला, की बेत पक्का होतो. काही वसाहतींच्या तर रक्तातच फुटणं असतं. राणीघरं मोडत बसणं हाही उपाय नाही. माश्यांच्या झुबक्याखाली एक हमखास राहून जातं, आणि त्या एकावर थवा जातो. राणीचा पंख कापला तर ती उडू शकत नाही म्हणून थवा परततो, पण नवी राणी निघाली की तिच्याबरोबर जातोच. दिवस लांबतात, एवढंच.

तेव्हा त्यांनी वाटणी करण्याआधी आपण करायची. यासाठी आम्ही पाच चौकटींची लहान पेटी बनवायला लागलो आणि आज आमची सर्वात जास्त खपणारी वस्तू तीच आहे. राणीघरं सापडली की जुनी राणी तिच्या चौकटीसकट या लहान पेटीत घालायची. बरोबर बंद कोषांची एक चौकट, मध-परागाची एक, आणि आणखी दोन चौकटींवरच्या कोवळ्या माश्या झटकून. पोक्त माश्या जुन्या जागेला सरावलेल्या असतात, त्या परत जाणारच, म्हणून झटकलेल्या माश्यांत हात आखडता घेऊ नये. दार बोटभर ठेवायचं.

मोठ्या पेटीत एकच राणीघर राखायचं, तेही उघडं, म्हणजे आतली अळी जिवंत आहे हे डोळ्यांनी दिसतं. त्या चौकटीच्या माथ्यावर टाचणी टोचून खूण करायची. ही चौकट चुकूनही झटकायची नाही, अळी राजान्नातून निसटते. माश्या पिसाने बाजूला सारायच्या. आठवड्याने परत उघडून मागे उरलेल्या अळ्यांवर बांधलेली नवी राणीघरं काढायची. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात, आणि मग कुमारी राणीबरोबर दुसरा, तिसरा थवा सुटून पेटी पोकळ होते. त्यानंतर तीन आठवडे हात बांधून बसायचं. नवी राणी बाहेर येते, हवेत बऱ्याच नरांशी मीलन करते, परतून अंडी घालायला लागते. मधे झाकण उघडलं तर परतीच्या वाटेवरची राणी बिचकते. मधल्या काळात नवीन कोष बंद होत नाहीत, त्यामुळे माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या आणि कोषात वाढणाऱ्या व्हॅरोआ या बारीक कोळ्यालाही खीळ बसते. हा फायदा आम्ही धरला नव्हता.

आमच्या पेटीच्या मापाबद्दल एक गंमत सांगतो. थव्याने फांदीवर मुक्काम केला की टेहळ्या माश्या नवी जागा शोधतात आणि परतून थव्याच्या अंगावरच नाचून पत्ता सांगतात. नाचाची ही भाषा उलगडली म्हणून कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी थव्यावर नाचणाऱ्या माश्या घर शोधत असतात हे दाखवलं, आणि पुढे टॉमस सीली यांनी माश्यांना कसली पोकळी आवडते ते मोजलं: साधारण चाळीस लिटर, दार लहान, जमिनीपासून उंच. दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ शिशुकोठी चाळीसच्या किंचित वर भरते. हे वाचल्यावर आम्ही जुन्या पोळ्याची एक चौकट घालून एक रिकामी पेटी छपराजवळ टांगून ठेवतो. अधूनमधून भाडेकरू येतो. कुठून आला ठाऊक नसल्यामुळे तो आधी बाकीच्या पेट्यांपासून दूर ठेवून रोगराई बघतो.

आता कामाची घडी अशी बसली आहे. फुलोऱ्याच्या आधीचे महिने फक्त पेट्यांचे, तेव्हा कपाटांची ऑर्डर घेत नाही. फुलोऱ्यात वाटणी केलेल्या वसाहतींतल्या काही आम्ही नवख्यांना देतो, राणीने नव्या पेटीत अंडी घातलेली दाखवून. बहीण प्रत्येक राणीच्या पाठीवर त्या वर्षीच्या रंगाचा ठिपका देते आणि वहीत लिहिते. फुटायची खोड असलेल्या वसाहतीतून पुढची राणी काढत नाही.

पहिली पेटी घ्यायला येणाऱ्याला आम्ही मोठीबरोबर पाच चौकटींची लहान पेटी घ्यायला सांगतो. काही जण म्हणतात, फुटल्यावर बघू. त्यांचं नाव वहीत वेगळ्या पानावर जातं आणि त्यांच्यासाठी एक लहान पेटी तयार करून फळीवर ठेवली जाते. ती बहुतेक वेळा फुलोऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, घाईघाईने उचलली जाते.