तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं वाचतात कधी?

पालकसभा असो, वाळपईचा बाजार असो की आम्हा शिक्षकांचीच बैठक, प्रश्न ठरलेला. "टीचर, भुरगीं नुसतीं खेळटात. इंग्लिश वाचूंक केन्ना शिकतलीं?" गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदा सविस्तर सांगते.

आधी काजूच्या बियांच्या खेळाचं. मी 'कॅट' म्हणते, आणि जितके आवाज ऐकू आले तितक्या बिया मुलांनी रकान्यांत सरकवायच्या. नवी मुलं हटकून दोनच सरकवतात: कॅ, ट. कारण देवनागरीत स्वर मात्रा होऊन व्यंजनाला चिकटतो, आणि कानालाही तीच सवय लागलेली असते. इंग्रजीत तो मधला स्वर सुटा लिहितात. तो सुटा ऐकू आला नाही, तर मूल सी-ए-टी घोकतं आणि पुढ्यात 'कॅप' आलं की अडतं. 'फिश'ला अक्षरं चार, पण बिया तीनच. फळ्यावर कितीही समजावलं तरी हे डोक्यात शिरत नाही, बोटानं बी ढकलली की शिरतं. एल्कोनिन नावाच्या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत. आमच्याकडे काजू मुबलक, म्हणून आम्ही बिया घेतल्या.

माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून सजवतात त्या मांडवीचा, खेळ थोडा वेगळा. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपली की मुलं कोकणीत भरभरून सांगतात, रानातून काय आणलं, काय बांधलं. त्यांचंच बोलणं मी सोप्या इंग्रजीत तक्त्यावर उतरवते: 'वी टाय द कोकोनट. वी टाय द बनाना.' मग त्या ओळींच्या पट्ट्या कापायच्या, दोरीला लटकवायच्या आणि आपली पट्टी शोधून वाचायची. वर्गात कलकलाट होतो, हे मान्य. पण अर्थ मुलाच्या डोक्यात आधीच असतो, त्याला फक्त अक्षरं ओळखायची असतात.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 साली हे गुणाकारात मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं म्हणजे वाचून समजणं. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. मराठी वाचताना मूल अडखळत का होईना शब्दापर्यंत पोचतं आणि तो कानावरून गेलेला असल्यामुळे ओळख पटते. घरात ज्याच्या कानावर इंग्रजी पडतच नाही, त्याची ओळख कशी पटणार?

हे सगळं मला एका पालकसभेत सांगता आलं नाही. तिसरीतली एक मुलगी, पट्ट्यांमध्ये सगळ्यांत तरबेज. तिच्या वडिलांनी सगळ्या पालकांसमोर तिच्या हातात इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या भाच्याचं पुस्तक दिलं. "वाच." 'द पाँड वॉज फ्रोझन.' तिनं बोट ठेवून एकेक आवाज जोडला आणि 'फ्रोझन' अगदी बरोबर म्हटलं. मग थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. गोठलेलं तळं सत्तरीत कोण बघणार? मागून कोणीतरी हसलं. वडिलांनी पुस्तक काढून भाच्याला दिलं. त्यानं पान धडाधड वाचलं, टाळ्या पडल्या. तळ्याला काय झालं, हे त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही, कारण परक्या पोराला भरसभेत उघडं पाडणं मला पटेना. मुलगी खाली मान घालून बाकाची कड नखानं खरवडत होती. एका अनोळखी शब्दाचा उच्चार तिनं स्वतःच्या बळावर शोधला होता, आणि तेच तिचं अपयश ठरलं. जूनमध्ये तिचा दाखला गेला.

त्या वडिलांचा मला राग आला, अजून येतो. पण त्यांची भीती खोटी नव्हती. गोव्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी-कोकणी, आणि पाचवीला बहुतेक हायस्कुलांत गणित-विज्ञान थेट इंग्रजीत. तिथं दोरीवर पट्ट्या नसतात, पानभर मजकूर असतो. माझ्या खेळांतून तो वेग येतो का? सगळ्यांना येत नाही. काही मुलं गटाच्या आड लपतात, तेही मला दिसतं.

नोकरीला लागले तेव्हा मी धडा ओळीओळीनं म्हणून घेत असे, वर्ग एका सुरात मागून म्हणे. पालक खूश, वर्ग शिस्तीत. ती तेव्हाची मी आज भांडायला उभी राहिली तर म्हणेल, लाजरं मूल निदान तोंड तरी उघडत होतं! तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. एका सुरातलं वाचन मी अजून घेते, पण आधी चित्रं बघतो, गोष्ट कोकणीत बोलून घेतो, आणि वाचून झाल्यावर कुत्रा कुठं लपला ते विचारते.

आता रोज थोडा वेळ अनोळखी पान देते. एकेकट्याला, माझ्या टेबलाजवळ, बाकीच्यांच्या नजरेआड. शब्द अडला तर तो आधी बोलून घेतो, मग पुढं. यानं पाचवीची धास्ती कमी होते का, ते हायस्कूलला गेलेल्या मुलांना भेटले की विचारते. उत्तरं एकसारखी येत नाहीत.