तुम्ही विचारलंत म्हणून: रोज काय लावू, आणि किती?

‘त्वचा चांगली राहावी, वय लवकर दिसू नये म्हणून रोज काय लावावं?’ हा प्रश्न वारंवार येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या क्रीमचं नाव हवं असतं. नुसत्या नावाने भागत नाही. घोळ बहुधा मापात असतो. जिथे भरपूर लागतं तिथे ठिपकाभर लावलं जातं, आणि जिथे दाण्याएवढं पुरतं तिथे थापलं जातं. तेव्हा उत्तर मापासकट देणंच बरं.

सुरुवात उन्हापासून. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डाग, राठपणा यांत वयाइतकाच, किंबहुना जास्तच, हात उन्हाचा असतो. पटत नसेल तर स्वतःच्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारीशेजारी बघा. दोन्हींचं वय एकच आहे. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्हीबी त्वचा भाजतात, त्यामुळे ते कळतात. यूव्हीए मात्र न भाजता खोल जातात आणि त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन मोडतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 95 टक्के हेच असतात आणि खिडकीच्या साध्या काचेतून ते बऱ्यापैकी आत येतात. 2012 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. 28 वर्षं खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड आणि खोल घड्यांची झाली होती, उजवी त्या मानाने बरीच तरुण. घरात खिडकीला लागून दिवसभर काम करत असाल तर ‘मी कुठे उन्हात जाते’ हे उत्तर चालत नाही ते यामुळे.

सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का, हे ऑस्ट्रेलियात तपासून झालं आहे. 55 वर्षांखालच्या सुमारे 900 जणांतल्या निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या हातांच्या त्वचेवर वय वाढल्याच्या नव्या खुणा दिसल्या नाहीत. त्यात भारी काही वापरलेलं नव्हतं, साधं एसपीएफ 15चं सनस्क्रीन होतं (एसपीएफ म्हणजे भाजणाऱ्या किरणांपासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा). करामत ‘रोज’ची होती.

आता माप. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा एका चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. आपण एरवी त्याच्या पावपट ते निम्मं लावतो, म्हणजे ट्यूबवर 50 लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर 50 उतरत नाही. सोपा हिशोब असा: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. एकदम जमत नसेल तर एक रेघ आधी, ती मुरली की दुसरी. चोळून चोळून जिरवायचं नाही, पसरून सोडून द्यायचं. या मापाने 50 ग्रॅमची ट्यूब एका माणसाला सव्वा-दीड महिना जाते. तुमची सहा महिने पुरत असेल तर ब्रँड बदलायची घाई नको, आधी हात सैल सोडा.

एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के. या एका टक्क्यासाठी चिकट, न आवडणारं काही विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा आवडीने रोज लावलं जाईल असं 30चं बरं. ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हवंच, नाहीतर यूव्हीए मोकळे. बाहेर पडायच्या 15 मिनिटं आधी लावायचं, बाहेरच असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम आला किंवा तोंड पुसलं तर लगेच पुन्हा. हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, ओठ आणि हातांचे पालथे पंजे. वांग किंवा काळे डाग असतील तर त्वचेच्या रंगाची झाक असलेलं (टिंटेड), आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य घातलेलं सनस्क्रीन घ्या. डाग गडद करण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही वाटा असतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आणि रुंद काठाची टोपी कधी कमी लावली जात नाही, तिला दोन तासांनी पुन्हा लावावंही लागत नाही.

धुण्याच्या बाबतीत उलटं आहे, तिथे आपण अति करतो. चेहरा धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी, करकरीत वाटली की ‘स्वच्छ झाली’ असं समजतात. प्रत्यक्षात त्वचेचं स्वतःचं तेल निघून गेल्याची ती खूण आहे. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, 7 म्हणजे मधोमध) साधारण 5च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या साबणाच्या वडीचा 9 ते 10, म्हणजे उलट्या बाजूचा. रात्री सौम्य फेसवॉश एकदा, सकाळी त्वचा कोरडी असेल तर नुसतं पाणी. पाणी कोमट असावं. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट पुरतं, पण कपाळावर केसांच्या रेषेशी आणि जबड्याखाली फेस राहून जातो, तो नीट धुवा. पुसताना टिपायचं, रगडायचं नाही. दाणेदार स्क्रब तर मी सरळ बाद करायला सांगेन. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर घासल्याची, फोड फोडल्याची प्रत्येक जखम मागे काळा डाग ठेवते आणि तो जायला महिने लागतात.

मॉइश्चरायझर कुठलं यापेक्षा ते कधी लावता याने जास्त फरक पडतो. तोंड धुतल्यावर किंवा अंघोळीनंतर तीनेक मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच लावा. पूर्ण कोरडं होऊन, कपडे घालून, मग आठवण आली की अडवून ठेवायचं ते पाणी उडून गेलेलं असतं. ग्लिसरीन पाणी धरतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. महागड्या बाटल्यांतही मुळात हीच दोन कामं चालतात. (भरपूर पाणी प्यायल्याने चेहरा तजेलदार होतो असं फार ऐकू येतं. तहान भागेल इतकं प्या. त्याहून जास्त प्यालेलं चेहऱ्यावर दिसत नाही.)

वय दिसू नये म्हणून सनस्क्रीननंतर ज्याचा भक्कम पुरावा आहे ते म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं कुटुंब. त्यातलं ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं; रेटिनॉल त्याहून सौम्य, ते सुट्टं मिळतं. सगळ्यात जास्त माणसं इथेच पोळतात, कारण इथे माप वाटाण्याच्या दाण्याएवढं आहे, तेही पूर्ण चेहऱ्याला. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीसेक मिनिटं थांबलात तर उत्तम, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि चरचरतं. तो दाणा कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असा ठिपक्यांनी वाटून पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. वरून मॉइश्चरायझर. फार नाजूक त्वचा असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एकाआड एक, सोसलं तर रोज. रेटिनॉलची सुरुवात 0.1 ते 0.3 टक्क्यांपासून पुरे.

सुरुवातीच्या आठवड्यांत थोडं सोलवटणं अपेक्षित असतं. पण साधं मॉइश्चरायझर लावतानाही आग होऊ लागली, तर त्वचेचं वरचं कवच फाटलं असं समजा. अशा वेळी लोक नेमकं आणखी एखादं सीरम आणतात. त्याऐवजी सगळं थांबवा आणि दोन ते चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मग पुन्हा आठवड्यातून एका रात्रीपासून. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने जातात. सहाव्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारेच जास्त. गरोदरपणात आणि त्याची तयारी चालू असताना हे कुटुंब पूर्ण वर्ज्य.

‘क’ जीवनसत्त्वाचं सीरम सकाळी सनस्क्रीनच्या आधी चालतं, पण ते चंचल असतं. बाटलीतला द्रव तपकिरी झाला की टाकून द्या. त्याला पर्याय म्हणून लिंबू चोळू नका. लिंबाचा पीएच 2च्या आसपास असतो आणि तो रस अंगावर ठेवून उन्हात गेलं तर फोड येऊन डाग पडतात. खाण्याचा सोडा पीएचच्या दुसऱ्या बाजूला, साबणाकडे जातो, टूथपेस्ट पुळीभोवतीची कातडी भाजते.

झटपट उजळवणाऱ्या क्रीमबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. आठवड्याभरात चेहरा गोरा आणि गुळगुळीत झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, नको तिथे लव येते, आणि बंद केलं की चेहरा आगीसारखा पेटतो. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. यातून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बाहेर पडायचं.

सिगारेट कातडीचा रक्तपुरवठा आणि कोलॅजन दोन्ही खाते, तिथे कुठलंही सीरम पुरं पडत नाही.

नवीन काहीही आणलंत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा, आणि एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर कोणामुळे आलं ते कळायला मार्ग उरत नाही. महिन्यातून एकदा आरशासमोर अंगावरचे तीळही बघून घ्या, पाठीला दुसरा आरसा लागेल. एखादा वेडावाकडा झाला, कडा फाटली, दोन-तीन रंग दिसू लागले, 6 मिलिमीटरहून मोठा झाला किंवा नुसताच बदलत चालला, तर त्यावर काही लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.